खारपाणपट्ट्यातील बाग

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या भूभागाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात, जेथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे निघेल याची शाश्वती नसते, आणि जेथील काळी चिकण जमीन पावसाळ्यात फुगून वैशाखात पाऊल अडकावे इतकी भेगाळते, तेथे दोनशे एकरांहून अधिक विस्ताराचे उद्यान करावे अशी तजवीज एखाद्या सरकारी दफ्तरात दाखल झाली असती, तर तिच्यावर ‘अव्यवहार्य’ असा शेरा पडून ती रुमालात बांधली गेली असती. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने ही अव्यवहार्य गोष्ट या शतकाच्या आरंभकाळात करून दाखविली. त्या उद्यानाचे नाव आनंदसागर.

ज्याने ते बहराच्या काळात पाहिले त्याला तेथील विस्तीर्ण जलाशय, त्यातील बेटावरचे ध्यानमंदिर, उद्यानाला वळसा घालणारी छोटी आगगाडी, मत्स्यालय, कारंजी, मुलांची खेळणी हे सारे आठवते. परंतु मला त्याहून अधिक कौतुक वाटते ते हिरवळीचे आणि सावलीचे. पाण्याच्या मध्यभागी वास्तू उभारण्याची हौस बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. लखुजी जाधवांच्या सिंदखेडराजात चांदणी तलावाच्या मधोमध उभी असलेली इमारत आजही पाहावयास मिळते. मात्र ते वैभव वतनदारांच्या विसाव्यासाठी होते, आणि शेगावचे उद्यान, माफक तिकिटाच्या मोबदल्यात का होईना, कापूस वेचणाऱ्या बाईच्याही विसाव्यासाठी होते, हा भेद लहान नव्हे.

या बाईविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. आपल्या खेड्यांत पुरुषाला बसावयास पार आहे, चावडी आहे, पानटपरीचे बाकडे आहे. तेथे तो दोन तास निष्कारण बसला तरी त्याला कोणी जाब विचारीत नाही. बाई घराबाहेर दिसते ती पाण्याला, सरपणाला, शेताला, बाजाराला किंवा देवाला, म्हणजे काहीतरी निमित्त हाती घेऊन. निमित्तावाचून बसण्याची सार्वजनिक जागा तिच्या वाट्याला आलेलीच नाही. दर्शन आटोपून घरच्या मंडळींसह आनंदसागरात आलेल्या बाया चपला काढून, पाय पसरून, शिदोरी सोडून गप्पांत रंगलेल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना उद्यान ही चैनीची वस्तू आहे, हे नगरपालिकेच्या सभेत वारंवार ऐकू येणारे मत पटणे कठीण आहे.

एवढ्या मोठ्या उद्यानाची निगा कशी राखली जाई, याचे उत्तर संस्थानाच्या सेवाधारी परंपरेत सापडते. गावोगावचे भाविक पाळीपाळीने येऊन, वेतन न घेता, झाडलोटीपासून भोजनालयापर्यंतची कामे करतात. संस्थानाचा कारभार दीर्घकाळ सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील (ते ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले) यांच्या काळात ही शिस्त सर्वत्र आदर्श म्हणून सांगितली जाऊ लागली. पुढे काही वर्षे उद्यानाचे दरवाजे बंद राहिले आणि नंतर त्याचा काही भागच पुन्हा खुला झाला, तेव्हा जिल्ह्यातील शाळांच्या सहलींना आणि लेकराबाळांना जी रुखरुख लागली, ती केवळ झुकझुकगाडीसाठी नव्हती.

तथापि मेहकरच्या किंवा चिखलीच्या गृहस्थाने रोज सायंकाळी शेगावला जावे असे कोणी सुचविणार नाही. नित्याची बाग घरापासून म्हाताऱ्या माणसाला काठी टेकीत पोहोचता येईल इतक्या अंतरावरच हवी, आणि तिच्यासाठी जागेची तरतूद कायद्याने केलेली आहे. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना सर्वसाधारणपणे दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते; हीच आपल्याकडची ‘ओपन स्पेस’. शिवाय १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखड्यात बागेसाठी भूखंड आरक्षित ठेवता येतात, पण दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेल्या कित्येक बागा अशा रीतीने एकही झाड न लागता इतिहासजमा होतात. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची स्वतंत्र नोंद आहे खरी. पण नोंदीने नळाला पाणी येत नाही.

उरलेल्या ओपन स्पेसची कथा वऱ्हाडातील कोणत्याही गावी सारखीच. कोठे कोपऱ्यात मारुतीचे देऊळ उभे राहते, कोठे लग्नाचा मांडव पडतो, कोठे निधी येऊन तारेचे कुंपण, रंगीत घसरगुंडी आणि ओपन जिमची लोखंडी यंत्रे बसतात व फीत कापली जाते. काळ्या मातीच्या फुगण्याआकसण्याने वर्षा-दोन वर्षांत पायवाटेच्या फरशा वर येतात, झोपाळ्याची साखळी तुटते, आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा याचा निर्णय होईतो मुले पुन्हा रस्त्यावर खेळू लागतात. माझ्या मते दोष खेळण्यांचा नाही, अंदाजपत्रकाचा आहे: त्यात लोखंडाला रक्कम असते, माळ्याला नसते.

साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात विलायती हिरवळीचा अट्टहास सोडून कडुनिंब, करंज, चिंच अशी या मातीत रुळलेली झाडे लावली, पहिली तीन वर्षे त्यांना पाणी देणारा एक पगारी माणूस नेमला, बायकांसाठी स्वच्छ शौचालय आणि रात्री नऊपर्यंत दिवा ठेवला, तर घसरगुंडी पुढच्या वर्षी आली तरी चालेल. ज्या वस्तीत रहिवाशांनीच वर्गणी काढून माळी ठेवला आहे, तेथील बाग सहसा जगते. मात्र कर भरणाऱ्याने वर्गणीही द्यावी काय, हा प्रश्न नगरपरिषदेच्या पुढील सभेत कोणीतरी विचारावयास हवा.