पुठ्ठ्यावरचं आभाळ

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘हार्ट ऑफ द अँडीज’समोर मी तासभर उभा होतो. साडेपाच फूट उंच, जवळजवळ दहा फूट रुंद कॅनव्हास. लांबून दिसतात ते दूरचं बर्फाचं शिखर, मधले काळसर डोंगर, पुढे कोसळणारं पाणी. चार पावलं पुढे गेलो तर उजवीकडच्या झाडीत एकेक पान सुटं झालं. डावीकडच्या पायवाटेवर क्रूस आणि त्यापुढे दोन इवलीशी माणसं. त्याच बाजूला, उन्हात आलेल्या एका बुंध्याच्या सालीवर चाकूने कोरावी तशी सही : चर्च, 1859.

फ्रेडरिक एडविन चर्च हार्टफर्डचा, जन्म 1826चा. हडसनकाठच्या कॅट्सकिल गावी टॉमस कोलच्या हाताखाली तो दोन वर्षं शिकला. पण त्याला दक्षिण अमेरिकेत ओढून नेलं ते हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाच्या लिखाणाने. चित्रकारांनी उष्ण कटिबंधातले पर्वत जाऊन पाहावेत, असं हुम्बोल्टचं सांगणं होतं. चर्च 1853मध्ये गेला आणि 1857मध्ये पुन्हा.

तिथलं त्याचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पेन्सिलीने डोंगराची रेघ पकडायची, कडेला रंगाच्या नोंदी लिहून ठेवायच्या. सवड असेल तिथे लहानशा पुठ्ठ्यावर थेट तैलरंग. हे सोपं झालं ते जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारामुळे. त्याने 1841मध्ये रंगासाठी पिळायची धातूची नळी काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. एकदा टोचली की रंग वाळायला लागलाच.

संध्याकाळचं आभाळ रंगवायला मीही बसलो आहे. हवा तो जांभळा पॅलेटवर मिसळेपर्यंत वरून निघून गेलेला असतो. चर्चच्या पुठ्ठ्यांवर ही घाई उघडी दिसते. ढग भरल्या कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत संपतो, खालचा अस्तराचा रंग तसाच डोकावत राहतो. दुरुस्ती नाही. जे दिसलं तेवढंच ठेवलं आहे.

या शिदोरीवर त्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मोठं चित्र उभं केलं. त्यातली जागा नकाशावर सापडणार नाही. ती अनेक ठिकाणांची जुळणी आहे. म्हणून तिला खोटी म्हणणं मला पटत नाही. खालची दाट झाडी, वरचं उघडं पठार, त्यामागे बर्फ असा उंचीनुसार बदलत जाणारा वनस्पतींचा क्रम हुम्बोल्टने दाखवून दिला होता आणि चर्चने तो एका नजरेत आणला.

1859मध्ये हे एकच चित्र पंचवीस सेंट तिकीट लावून मांडलं. तीन आठवड्यांत 12,000हून जास्त माणसं आली. कित्येकांनी नाटकाला न्यायची दुर्बीण आणली होती. ते 10,000 डॉलरला विकलं गेलं. बर्लिनला नेऊन हुम्बोल्टला दाखवावं, ही चर्चची इच्छा मात्र राहून गेली. हुम्बोल्ट त्याच वर्षी मे महिन्यात वारला.

पुढे संधिवाताने उजवा हात धरला, तेव्हा चर्च डाव्या हाताने रंगवायला शिकला. हडसनच्या वर टेकडीवर त्याने ओलाना नावाचं घर बांधलं होतं. नदी आणि पलीकडचे कॅट्सकिल डोंगर तिथून सतत समोर असत. 1900मध्ये तो गेला.

त्याची 2,000हून अधिक रेखाटनं आणि तैल अभ्यासचित्रं न्यूयॉर्कच्याच कूपर ह्यूइट संग्रहालयात आहेत. माझा कौल त्या पुठ्ठ्यांना आहे. त्या शहरात गेलात तर मोठं चित्र पाहाच, लहानशी दुर्बीणही न्या; पण पुठ्ठे मांडलेले असतील तर आधी त्यांच्यापुढे उभे राहा.