सगळ्यांना ठाऊक असलेला अपघात

२४ जून १९९४. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराजवळच्या फेअरचाइल्ड हवाई तळावर एक बी-५२ बॉम्बफेकी विमान एअर शोचा सराव आटोपून उतरायला आलं. धावपट्टीवर दुसरं विमान होतं, म्हणून त्याला पुन्हा वर जायला सांगण्यात आलं. वैमानिकाने टॉवरभोवती पूर्ण वळसा घेण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. जमिनीपासून जेमतेम अडीचशे फुटांवर आठ इंजिनांचं ते धूड डावीकडे कलत गेलं, नव्वद अंशांच्याही पलीकडे. विजेच्या तारा तोडत ते जमिनीवर आदळलं. आतले चौघेही गेले.

साठ अंश कलून उंची टिकवायची, तर पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलावं लागतं आणि हवेत राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. तो वेग नसला की पंख उचल सोडून देतात. यालाच स्टॉल म्हणतात. भरपूर उंचीवर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. अडीचशे फुटांवर तेवढी जागाच नसते. पण माझ्या मते, या अपघाताचं हे सर्वांत कमी महत्त्वाचं कारण आहे.

विमान चालवत होते लेफ्टनंट कर्नल आर्थर ‘बड’ हॉलंड. पाच हजारांहून जास्त तासांचा अनुभव, हात अत्यंत सफाईदार. ९२व्या बॉम्ब विंगमधल्या वैमानिकांची परीक्षा घेणाऱ्या, नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या शाखेचे ते प्रमुख होते. आणि १९९१पासून भर गर्दीसमोर नियम मोडत होते तेच. १९९३च्या एअर शोमध्ये त्यांनी विमान इतकं उभं चढवलं, की पंखांतल्या टाक्यांच्या झरोक्यांतून इंधन बाहेर आलं. हे वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत घडलं. या तीन वर्षांत वरिष्ठ बदलत गेले. प्रत्येक नव्या साहेबाला आधीचा इतिहास तुकड्यातुकड्यानेच कळला.

मार्च १९९४मध्ये याकिमाच्या सराव क्षेत्रात हॉलंड यांनी विमान डोंगराच्या धारेला जवळजवळ घासूनच नेलं. सहवैमानिकाने आयत्या वेळी कंट्रोल ओढलं, म्हणून निभावलं. यानंतर आपण हॉलंडसोबत पुन्हा उडणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. ३२५व्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगीहान यांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं. त्यांनी ऑपरेशन्स ग्रुपचे प्रमुख कर्नल विल्यम पेलेरिन यांच्याकडे हॉलंडना उड्डाणबंदी करण्याची मागणी केली. पेलेरिन यांनी हॉलंडना तोंडी समज दिली, कागदावर काही आणलं नाही, आणि बंदीला नकार दिला.

मग मॅकगीहान यांनी स्वतःपुरता निर्णय घेतला: माझ्या स्क्वाड्रनमधला कुणीही, मी स्वतः विमानात असल्याशिवाय, हॉलंडसोबत उडणार नाही. आपल्या पोरांच्या आणि धोक्याच्या मध्ये उभं राहायला त्यांच्यापाशी स्वतःच्या देहाशिवाय काही उरलंच नव्हतं. हे वाचताना आजही संताप येतो.

शोसाठी विंग कमांडरने ४५ अंशांपर्यंतच कलण्याची मर्यादा घालून दिली होती. १७ जूनच्या सरावात ती मोडली गेली. त्या विमानात पेलेरिन स्वतः होते, तरी सारं सुरक्षित असल्याचं त्यांनी वर कळवलं.

आठवड्याने सहवैमानिकाच्या आसनावर मॅकगीहान होते. विंगचे उपप्रमुख कर्नल रॉबर्ट वूल्फ यांचं ते निरोपाचं उड्डाण होतं; प्रथेप्रमाणे घरची मंडळी शॅम्पेन घेऊन तळावर थांबली होती. वूल्फ यांच्या जागेला इजेक्शन सीटच नव्हती. चौथे, लेफ्टनंट कर्नल केन ह्यूस्टन, खालच्या मजल्यावर होते. तिथली आसनं खालच्या दिशेने बाहेर फेकली जातात, म्हणजे इतक्या कमी उंचीवर त्यांचा उपयोग शून्य. मॅकगीहान यांनी इजेक्शनचा प्रयत्न केला. आसन पुरतं बाहेर पडण्याआधीच विमान जमिनीला भिडलं. त्यांची पत्नी आणि दोन मुलं घराच्या अंगणातून पाहत होती.

लष्करी न्यायालयासमोर उभे राहिले एकटे पेलेरिन. कर्तव्यात कसूर केल्याचा गुन्हा त्यांनी १९९५मध्ये कबूल केला. शिक्षा झाली ती ठपक्याची आणि पाच महिने दरमहा १,५०० डॉलर पगारकपातीची. त्यांच्या आधी त्याच खुर्चीत बसून हेच सारं पाहिलेल्या अधिकाऱ्यांना मात्र कुणी कोर्टात खेचलं नाही.