आईच्या पासबुकातली शेळी

आमच्या घरी शेळी कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या शेळीवरच आहे.

गेल्या दिवाळीत मेडशीला घरी होते. अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशीमकडे निघालं की हायवेवर लागतं ते आमचं गाव. कपाट आवरताना आईचं कर्जाचं जुनं पुस्तक हाताला लागलं. वर एका फायनान्स कंपनीचं नाव. आत साल २०२१, रक्कम ३० हजार, पंधरा दिवसांचा हप्ता आणि ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात एकच शब्द : शेळीपालन.

‘‘आई, आपल्याकडे शेळी कधी होती वं?’’

आई करंज्या तळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘ते तूच हाय.’’

२०२१ म्हणजे माझं बारावीनंतरचं वर्ष. मास कॉमच्या पहिल्या वर्षाची फी, होस्टेलचं डिपॉझिट आणि ऑनलाइन लेक्चरसाठी घेतलेला सेकंडहँड फोन. मला वाटायचं सोयाबीनच्या पैशातून भागलं असेल. पण ऑगस्टमध्ये सोयाबीन शेतात उभं असतं, त्याचे पैसे कुठून येणार? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. ‘‘मंग कारणात पोरीची फी काऊन नाही लिहिली?’’ म्हटलं, तर आई हसली. ‘‘तसं लिहिलं असतं तर साहेबानं देलं असतं काय?’’

आईचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम असा होता, की मायक्रोफायनान्स कंपन्यांनी वाटलेल्या कर्जांपैकी निदान निम्मी कर्जं उत्पन्न देणाऱ्या कामासाठी असावीत. २०११ मध्ये हा नियम आला तेव्हा ते प्रमाण ७५ टक्के होतं. उद्देश चांगलाच होता. पण गावात त्याचा अर्थ इतकाच झाला, की फी, दवाखाना, लग्न, न्हाणीघर या सगळ्याची कागदावर शेळी झाली. होस्टेलवर परत आल्यावर रूममेट्सना विचारलं. एकीच्या घरी कागदावर शिलाई मशीन होतं, दुसरीच्या घरी किराणा दुकान. दोन्ही प्रत्यक्षात नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी किती जण आईच्या गटातल्या शेळ्या आहेत, कोण जाणे. घरी गेलात की एकदा विचाराच.

आता ‘गट’ हा शब्द. आमच्याकडे एकाच बाईच्या तोंडी तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि सगळा घोळ तिथेच आहे. एक बचत गट. दहा-बारा बायका दर महिन्याला पन्नास किंवा शंभर रुपये टाकतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ऐकायला जास्त वाटतं, पण ते व्याज गटातच राहतं, वर्षाअखेर त्यांच्याच नावावर जमा होतं. दुसरा, फायनान्सवाल्यांचा गट. तिथे बचत नाही. चार-पाच बायका एकमेकींच्या हमीवर कर्ज उचलतात, साहेब मोटारसायकलवर येतो, हप्ते मोजतो आणि जातो.

आईच्या बचत गटाचं रजिस्टर मी सातवीपासून लिहायचे. गटातल्या निम्म्या बायकांना सही येत होती, आकडेमोड कोणालाच कागदावर जमत नव्हती. तोंडी मात्र सगळ्यांना येत होती, माझी बेरीज चुकली की त्याच पकडायच्या. कोणाला किती द्यायचं यावर तासभर भांडण, मग चहा, मग माझ्याकडून ठराव लिहून घेणं. हे गट उभे करायला सुरुवातीला संस्थांच्या ताई गावात यायच्या. कर्ज देणं हे त्यांचं काम नव्हतंच. बायकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवणं, एवढंच.

याचा इतिहास शोधायला लागले तर आधी बांगलादेशच सापडला. चितगावजवळच्या जोब्रा गावात १९७६ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी खिशातून ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ही स्टोरी एमपीएससीवाल्यांना पाठ असते. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९७५ मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, हे आम्हाला कोणी वर्गात सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. बचत आधी, कर्ज नंतर असा तो क्रम होता.

मग जगभर एक कल्पना पसरली : गरीब बाई कर्ज बुडवत नाही. ती खरी होती. पण जे खरं असतं त्यावर पैसेही कमावता येतात. संस्थांना देणगी मिळून मिळणार किती? जास्त बायकांपर्यंत पोचायचं तर मोठं भांडवल हवं, त्यासाठी कंपनी व्हायला हवं, असं म्हणत अनेक संस्थांनी रूप बदललं. शेजारच्या आंध्र प्रदेशात एसकेएस हीसुद्धा मुळात ना-नफा संस्था होती. ऑगस्ट २०१० मध्ये ती कंपनी म्हणून शेअर बाजारात उतरली. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, आंध्र सरकारला मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर वटहुकूम काढावा लागला. एकेका बाईवर अनेक कंपन्यांची कर्जं, दारात बसून वसुली, आत्महत्यांच्या बातम्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचं नाव मालेगाम समिती. (मेडशीचा तालुका मालेगाव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, समिती आमच्याकडेच आली होती की काय. मालेगाम हे अध्यक्षांचं आडनाव आहे.)

आमच्याकडे आंध्रसारखं काही झालं नाही. झालं ते लहान होतं. त्या ३० हजारांच्या गटात पाच जणी होत्या. त्यातली एक आमच्या शेजारची काकू. तिच्या घरात आजारपण निघालं आणि दोन हप्ते चुकले. साहेब म्हणाले, गटाचा हप्ता पूर्ण झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. बायका दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एका ओसरीवर बसून. शेवटी चौघींनी मिळून तिचे पैसे भरले. दुसऱ्यांदाही भरले. तिसऱ्यांदा आई तिच्या दारात जाऊन चार माणसांसमोर बोलली. लहानपणी जिच्या घरी मी जेवायचे, त्या काकूशी आईचं बोलणं तेव्हापासून दोन वर्षं बंद होतं. कर्ज फिटलं, पासबुकावर तसा शिक्काही आहे. ही दोन वर्षं पासबुकात कुठेच नाहीत.

यात वाईट माणूस कोण, हे मी बरेच दिवस शोधत होते. साहेब पंचविशीतला पोरगा होता, त्याच्या डोक्यावर टार्गेट. खरी अडचण मला वाटतं साधी आहे. सोयाबीन वर्षातून एकदा पैसे देतं, तूर एकदा देते. हप्ता दर पंधरा दिवसांनी मागतो. शहरात भाजीची गाडी लावणाऱ्या बाईला रोज गल्ला मिळतो, तिला हे जमतं. वाशीमच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात मजुरीशिवाय रोजचा पैसा येतच नाही. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता : काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केला. त्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले, त्यांचा नफाही वाढला. पण थकबाकीही वाढली. म्हणून कंपन्यांना तो प्रकार आवडत नाही, हेही समजण्यासारखं आहे.

कर्जाने गरिबी हटते का, याचं उत्तर २०१५ मध्ये बऱ्यापैकी मिळालं. भारत, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडचा अभ्यास हैदराबादचा होता, तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, त्यामुळे थोडं आपलंही.) निष्कर्ष असा, की ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा थोडा वाढला, काही घरांत टिकाऊ वस्तू आल्या, पण घराचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, घरात बाईच्या शब्दाला असलेली किंमत यात फारसा फरक पडला नाही. कर्जाने नुकसानही सरसकट झालं नाही. चमत्कार तेवढा झाला नाही.

मग संस्थांनी करायचं काय? कर्ज द्यायला आता बँका आहेत, कंपन्या आहेत. ‘उमेद’ अभियानातून बचत गटांना बँकेचं ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. पण त्यासाठी गटाचं रजिस्टर नीट हवं, बैठका नियमित हव्यात आणि बँकेत जाऊन बोलणारं कोणी तरी हवं. संस्थांचं काम आता तिकडे सरकलंय. माविमच्या गटांनी मिळून चालवलेली ‘लोकसंचालित साधन केंद्रं’ हेच करतात : हिशेब तपासणं, बँकेचे कागद, माल विकायला मदत. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता, कारण सभासद बायका निरक्षर. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि ‘आम्हाला व्याजाचा हिशेब विचारा’ म्हणाल्या. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पण पुढे मोठा दुष्काळ पडला तेव्हा नुसत्या बँकेने भागलं नाही, माणदेशी फाउंडेशनला जनावरांसाठी चारा छावणी उघडावी लागली. आणि अगदीच गरीब घरांसाठी बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ने २००२ मध्ये कर्जाचा नादच सोडून दुसरा मार्ग धरला : गाय किंवा शेळी फुकट द्यायची, काही महिने घरखर्चाला थोडे पैसे आणि दोनेक वर्षं दर आठवड्याला कोणी तरी घरी येऊन बघणार. सहा देशांत तो तपासला गेला आणि त्याचा परिणाम टिकला. म्हणजे खरी शेळी कामाला आली. कागदावरची नाही.

कॉमर्सवाल्यांसाठी एक छोटं काम. घरात कर्जाचा कागद असेल तर व्याज ‘फ्लॅट’ आहे का बघा. १० हजारांवर १२ टक्के फ्लॅट, बारा समान हप्ते, म्हणजे हप्ता साधारण ९३३ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र पूर्ण १० हजारांवरच लागतं. त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. एप्रिल २०२२ पासून कर्जदाराला समजेल अशा भाषेत एक फॅक्टशीट देणं बंधनकारक आहे आणि त्यात हा खरा वार्षिक दर लिहावा लागतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जायला नकोत. आणि कर्जाला शेळीच हवी, ही अट त्याच नियमांत गेली. उत्पन्न किती, हे मात्र फॉर्मवर कोण आणि कसं लिहितं, ते जरा उभं राहून बघा.

काकू आणि आई आता बोलतात. कोणी समेट घडवला नाही, बचत गटाच्या बैठकीत दोघींना एकाच सतरंजीवर बसावं लागतं, त्यातून हळूहळू झालं. या दिवाळीत मी होते म्हणून रजिस्टर पुन्हा माझ्याकडे आलं. धाकट्या भावाचं आयटीआयचं ॲडमिशन व्हायचं आहे, आईने गटाकडे १५ हजार मागितले. अर्धा तास वाद झाला, कारण आणखी एकीला बोअरच्या मोटरसाठी हवे होते. काकू म्हणाली, आधी पोराचं होऊ द्या. ठराव लिहिताना मी कारणाच्या रकान्यापाशी थांबले आणि आईकडे पाहिलं.

‘‘फी लिही,’’ आई म्हणाली. ‘‘इथं कोन इचारते?’’