विमानाचं किट आणि आपला धंदा: आधी काय तपासायचं?



मागच्या आठवड्यात चितेगावला दुकानावर एक जण आला. फायबरच्या टाक्या बनवतो. म्हणाला, "सर, घरी जोडायची विमानं फायबरचीच असतात. आपण बनवू ना! दोन एकर विकायची तयारी आहे."

हसू नका, प्रश्न चांगला आहे. आधी हा धंदा समजून घेऊ.

किट कंपनी साच्यात काचेचं किंवा कार्बनचं कापड इपॉक्सी रेझिनने बसवून विमानाचे भाग बनवते. पृष्ठभाग गुळगुळीत, रिव्हेट नाहीत, त्यामुळे हवेचा अडथळा कमी आणि त्याच इंजिनात वेग जास्त. अमेरिकेतली ग्लासएअर, लॅन्सएअर ही यातली गाजलेली नावं. तिथल्या नियमाने निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी करावं लागतं. म्हणजे कंपनी विकते काय? भाग, नकाशे आणि मार्गदर्शन.

मग टाकीवाला हे करू शकेल? रेझिन तेच वाटलं तरी हिशेब वेगळा. टाकी गळाली तर बदलून देता येते. विमानात रेझिनचं प्रमाण किंवा तापमान चुकलं, तर आतला कच्चा जोड बाहेरून दिसतही नाही, आणि वर माणूस बसलेला असतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. ते किट नव्हतं, फायबरचंही नव्हतं, धातूचं होतं. 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'त लोकांनी ते पाहिलं. डीजीसीएची नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये आणि उडवायची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये. पुढे धुळ्याला चाचण्या झाल्या. म्हणजे विमान लोकांसमोर आल्यावरही तीन वर्षांहून जास्त काळ परवानगीत गेला!

मीही हे छोट्या प्रमाणात भोगलंय. दुकानाचं फर्निचर आधी केलं, लायसनचं नंतर बघितलं. दोन महिने बंद शटरचं भाडं भरलं.

दुसरं उदाहरण सिरस कंपनीचं. क्लॅपमायर बंधूंनी 1980 च्या दशकात फायबरच्या किट विमानापासून सुरुवात केली. त्यातून शिकून तयार विमान काढलं, त्याला 1998 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. पायरी पायरीने.

म्हणून त्याला सांगितलं, "भाऊ, जमीन विकू नको. आधी ड्रोनचे, गाड्यांचे हलके भाग कोणाला लागतात ते विचार. प्रत्येक नगाची नोंद ठेव. परवानगीला लागणारा वेळ खर्चात धर."

स्वप्न मोठं ठेवा, पहिली ऑर्डर छोटी घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!