हिरडा, पाऊस आणि चामड्याचे बूट

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पूर्वेकडून पश्चिमेकडे एस. टी.ने निघालात, तर दोन-अडीच तासांत हवामान पालटलेले दिसते. बेल्हे, आळे हा भाग कोरडा. नारायणगाव, मंचर येथे पाऊस बेताचा. पुढे नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पावसाळाभर धुके आणि धार. या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे आहेत. येथील महादेव कोळी व इतर आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. वर्षाच्या रोख कमाईचा तो एक मोठा आधार असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा या भागातील हिरड्याची झाडे मोडली आणि नुकसानभरपाईसाठी या कुटुंबांना दीर्घकाळ झगडावे लागले.

बाळहिरडा मुख्यतः औषधासाठी जातो. पण पूर्ण पोसलेल्या हिरड्याचा आणखी एक जुना उपयोग आहे. तो म्हणजे कातडी कमावणे. बुटाची निगा का आणि कशी राखायची, हे समजण्याची किल्ली याच फळात आहे.

अनेक घरांत चामड्याच्या चांगल्या बुटांचा एकच जोड असतो. तो लग्नकार्यात, संमेलनात, मुलाखतीच्या दिवशी बाहेर निघतो. मे महिन्यातील लग्नसराई संपली की तो पेटीत जातो. दिवाळीला पेटी उघडावी, तर बुटावर हिरवट-पांढरी बुरशी, वरचे चामडे कडक आणि घडीच्या जागी भेगा! बूट वापरून झिजला असता तर दुःख नव्हते. तो न वापरता गेला. असे का होते?

कातडे आणि चामडे

जनावराच्या कातड्यात मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याचे रेणू दोरीच्या पेडांसारखे एकमेकांना पीळ घालून असतात, आणि अशा अनेक दोऱ्या मिळून तंतूंचे जाळे बनते. कच्चे कातडे ओले राहिले तर जंतू ते कुजवतात आणि वाळले तर तंतू एकमेकांना चिकटून ते फळीसारखे ताठ होते. कमावणे म्हणजे या दोन्ही गोष्टी टाळणे.

हिरड्यात टॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. हिरडा चघळून पाहा. तोंड आकसल्यासारखे वाटते. टॅनिनचे रेणू लाळेतील प्रथिनांना धरतात, म्हणून ही तुरट चव लागते. कातड्यातही तेच घडते. टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या दोऱ्यांमध्ये शिरून त्यांना जागोजागी बांधतात. मग जंतूंना ते सहज पचवता येत नाही, आणि वाळल्यावरही तंतू सुटे राहतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावण्याची परंपरा आहे. आजचे बहुतेक बूट मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात. ही पद्धत व्यवहारात आणणारे पेटंट ऑगस्टस शुल्त्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत घेतले.

कमावणे पुरेसे नसते. तंतू एकमेकांवरून सहज घसरावेत म्हणून चामड्याला तेल किंवा चरबी पाजतात. हे तेल हळूहळू निघून गेले, की चालताना बूट जेथे दुमडतो तेथे तंतू घासून तुटू लागतात. तीच भेग.

हवेतील पाण्याचा हिशेब

आता बुरशीकडे वळू. बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात. ते आपण अडवू शकत नाही. त्यांचे अन्न म्हणजे चामड्यातील चरबी आणि घामाचा अंश, तेही थोडेफार राहणारच. उरते ओल. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की बुरशी वाढू लागते. म्हणून लढाई करायची ती ओलीशी.

२८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. श्रावणातील एखाद्या दिवशी आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेत २३ ग्रॅम बाष्प आधीच आहे. म्हणजे आणखी जेमतेम ४ ग्रॅमला जागा. समजा, भिजलेल्या बुटात ५० ग्रॅम पाणी आहे. ते उडून जाण्यास निदान १२ घनमीटर हवा बुटावरून जायला हवी! हिवाळ्यात त्याच तापमानाला आर्द्रता ४० टक्के असेल, तर एक घनमीटर हवा १६ ग्रॅम घेते आणि ३ घनमीटर हवेत काम भागते. ओला बूट बंद कपाटात ठेवला तर काय होईल, ते आता तुम्हीच सांगा. कपाटातील हवा थोड्याच वेळात भरून जाते आणि वाळणे थांबते.

दुसरी गोष्ट रात्रीची. हीच २३ ग्रॅम बाष्पाची हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर ती संपृक्त होते, कारण २५ अंशांना एक घनमीटरमध्ये २३ ग्रॅमच मावतात. केवळ तीन अंशांचा फरक! म्हणून बूट थंड शहाबादी फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा.

मग बूट चुलीपाशी वाळवावा काय? हवा थोडी गरम केली तर फायदा होतो हे खरे. ३५ अंशांना एक घनमीटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे २३ ग्रॅमच्या हवेत १७ ग्रॅमला जागा होते. पण चुलीशेजारी तापमान याहून पुष्कळ चढते. ओले कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंशांना आकसते, हिरड्यासारख्या टॅनिनने कमावलेले ७५ ते ८० अंशांच्या आसपास आणि क्रोमियमने कमावलेले १०० अंशांजवळ. आकसण्याइतकी उष्णता नसली, तरी घाईने वाळताना तेल सरकते आणि चामडे कडक होते. म्हणून पंख्याचा वारा चांगला, विस्तव वाईट.

काय करावे?

बूट भिजला तर चिखल ओल्या फडक्याने पुसा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. कागदातील सूक्ष्म पोकळ्या केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात. बोळे भिजले की बदला. बूट सावलीत, वाऱ्यावर, आडवा ठेवा म्हणजे तळालाही हवा लागेल. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. रोज एकच जोड न घालता आलटून पालटून घातल्यास घामाची ओलही निघून जाते.

पेटीत ठेवण्यापूर्वी बूट पूर्ण वाळवा, क्रीमचा पातळ हात द्या, मग पॉलिश करा. क्रीममधील तेल तंतूंना मिळते. पॉलिशचे मेण वरून पाणी अडवते. एकाचे काम दुसरे करीत नाही. आकार राहावा म्हणून आत कोरडा कागद भरा आणि सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी ओल आत कोंडते. डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात. त्या ओल शोषत नाहीत. पावसाने उघडीप दिली की दर पंधरवड्याने बूट बाहेर काढून वारा द्या. बुरशी आलीच, तर ती घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, बूट वाळवा आणि पुन्हा क्रीम लावा.

तळाकडेही लक्ष असू द्या. आजच्या पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. त्याच्या काही प्रकारांत हवेतील बाष्पामुळे रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि काही वर्षांनी तळ भुसभुशीत होतो. जपून ठेवलेला बूट लग्नाच्या दिवशीच तळ सोडतो तो यामुळे. असा जोड जपून ठेवण्यापेक्षा वापरणे बरे.

शाळेत करून पाहा

एक : हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा. अंड्यातील पांढरे पाण्यात फेटून त्यात हा काढा थेंब थेंब टाका. गढूळ साका दिसेल. टॅनिनने प्रथिन धरले ते असे.

दोन : त्याच काढ्यात गंजलेला खिळा टाकून ठेवा. काढा काळा पडेल. लोह आणि टॅनिन यांच्या संयुगामुळे हे घडते. जुनी काळी शाई याच तत्त्वावर बनत असे.

तीन : चर्मकाराकडून बुटाच्या आणि कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचे तुकडे आणा. दोन्ही सारख्या लांबीचे कापून भिजवा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. मग लांबी पुन्हा मोजा. कोणता तुकडा आकसला? का आकसला? उत्तर वहीत लिहा आणि वर्गातील इतरांच्या मोजमापांशी पडताळून पाहा.