करवंदाचं नाव करवंदाला द्या

करवंदाचं एक संस्कृत नाव आहे कृष्णपाकफल, म्हणजे पिकल्यावर काळं होणारं फळ. अमरकोशात ते 'करमर्दक' या नावासोबत येतं. हे नाव ज्याने ठेवलं त्याने झुडूप महिनोन्‌महिने पाहिलं असणार. आधी हिरवं, मग तांबूस आणि शेवटी काळंभोर. सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठत जातं, जांभूळही त्यानेच रंगतं. बुलबुलांना फळ तयार झाल्याची खूण या रंगावरूनच पटते. घाईने कच्चं तोडलं तर देठाशी पांढरा चीक येतो आणि ओठ चिकटतात, कारण करवंदी कण्हेर-सदाफुलीच्या कुळातली.

ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसंच करमर्दाचं करवंद. मराठीने त्यात भर घातली. झुडूप ती करवंदी, फळ ते करवंद, आणि एकमेकींत गुंतलेल्या करवंदींची जाळी. मला यातला जाळी हा शब्द फार मोलाचा वाटतो. दुबेळकी काट्यांच्या त्या गुंत्यात गुरं तोंड घालत नाहीत, त्यामुळे आत रुजलेली दुसऱ्या झाडांची रोपंही वाचतात. उघड्या माळावर रान परतायला सुरुवात होते ती अशा जाळीतून. मुलांची परिभाषा आणखी निराळी: चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आणि विकणारीच्या तोंडी तर ती डोंगरची काळी मैना!

करवंद हे नाव दूरवर गेलं. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात ते 'कारांदास' असं नोंदवलं. लिनियसने १७६७ साली झुडपाला शास्त्रीय नाव दिलं, कॅरिसा कॅरंडास. जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत आज तेच चालतं.

आपल्या बाजारात मात्र ते पुसलं जातं. केकवर नि आइस्क्रीमवर दिसणारी लालभडक 'चेरी' पुष्कळदा करवंदच असते. कच्ची, घट्ट फळं बिया काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवलेली. पेक्टिन भरपूर असल्याने करवंदाची जेलीही छान बसते. मग डबीवर करवंद असं लिहायला संकोच का? उत्पादकांनी ते ठळक छापावं. आणि आपण मे महिन्यात घाटरस्त्यावर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बायांकडून ती घ्यावीत, नावाने मागून घ्यावीत.