सेगमेंटेशन फॉल्टी ट्री

स्क्रीनवर शेवटची ओळ होती: 'सेगमेंटेशन फॉल्टी ट्री'. परभणीहून मानवत रोडकडे निघालं की लागणाऱ्या पेडगावात, भाचीच्या खोलीतला हा जुना कॉम्प्युटर. त्यावर डेबियन लिनक्सची जुनी आवृत्ती. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पायथनची पॅकेजेस टाकत असतानाच लाईट गेली होती, आणि यूपीएस नव्हता. आता पॅकेजेस आणणाऱ्या 'ॲप्ट'ची कोणतीही कमांड दिली की हीच ओळ येऊन सगळं थांबायचं.

"मामा, फॉरमॅट मारायचं का?"

आपल्याकडे कॉम्प्युटर बिघडला की पहिला सल्ला हाच मिळतो. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात बिघाडाबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो.

आधी ती ओळच नीट वाचली. असा संदेश कोणी लिहून ठेवलेला नाही. ॲप्ट 'बिल्डिंग डिपेंडन्सी ट्री' असं छापतं आणि पुढची प्रगती त्याच ओळीत दाखवायची म्हणून कर्सर पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेतं. तेवढ्यात प्रोग्राम कोसळला आणि 'सेगमेंटेशन फॉल्ट' हा संदेश त्याच ओळीवर उमटला. इंग्रजीत तो मधल्या मोकळ्या जागेसकट 18 अक्षरांचा. त्या ओळीची सुरुवातीची तेवढी अक्षरं झाकली गेली. 'डिपेंडन्सी'चा शेवटचा 'वाय' आणि 'ट्री' तेवढे उरले. 'फॉल्ट'ला तो वाय चिकटला आणि झालं 'फॉल्टी ट्री'. म्हणजे पॅकेजच्या याद्या वाचून झाल्या होत्या. कोणतं पॅकेज कोणावर अवलंबून आहे हे जुळवताना ॲप्ट पडलं होतं.

ही जुळणी दर वेळी पहिल्यापासून करायला लागू नये म्हणून ॲप्ट 'व्हार' फोल्डरमधल्या 'कॅश', त्यातल्या 'ॲप्ट'मध्ये दोन बायनरी फायली ठेवतं. त्यांत मेमरीतल्या जागांचे हिशेब असतात. लाईट गेली तेव्हा फाईल डिस्कवर अर्धवट उतरली असेल, तर हिशेब भलत्याच जागेकडे बोट दाखवतो. प्रोग्राम तिथे वाचायला गेला की कर्नल त्याला तिथल्या तिथे बंद करतो. खतावणी फाटली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा लिहिता येते, तसंच हे आहे: मूळ याद्या आणि 'डीपीकेजी' या प्रोग्रामची स्टेटस फाईल जागेवर असली की या दोन फायली खुशाल उडवाव्यात. भाचीने त्या काढल्या, ॲप्टची कमांड पुन्हा दिली. जुळणी पूर्ण झाली.

पण पुढे नवी तक्रार आली: डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आहे. प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा हा प्रोग्राम. त्याच्या कामाची पद्धत मला फार आवडते. नवी फाईल तो थेट जुनीवर लिहीत नाही. आधी शेजारी 'डीपीकेजी-न्यू' असं शेपूट लावून उतरवतो, ती डिस्कवर पक्की झाली की मग नाव बदलून जुनीच्या जागी आणतो. प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर आहे याची नोंद स्टेटस फाईलमध्ये. 'डीपीकेजी हायफन एल' दिल्यावर बहुतेक ओळींपुढे 'आय आय' होतं, म्हणजे व्यवस्थित बसलेलं. दोन-तीन ओळींपुढे 'आय यू': पॅकेज उलगडलंय, पण कॉन्फिगर व्हायचं राहिलंय. तिने 'डीपीकेजी हायफन हायफन कॉन्फिगर हायफन ए' दिलं आणि राहिलेल्या पायऱ्या एकामागोमाग पुऱ्या झाल्या. अर्धवट उतरलेली पॅकेजेस 'पार्शल' फोल्डरमध्ये होती. ॲप्टने ती तिथूनच पुढे उतरवायला घेतली. हॉटस्पॉटचा डेटा मोजून वापरणाऱ्या घरात हे मोलाचं.

आपल्या सी-डॅकची 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे हीच दुरुस्ती तिथेही चालते.

स्टेटस फाईलच बिघडली असती तर काम अवघड होतं. तरी 'स्टेटस-ओल्ड' ही आधीची प्रत शेजारीच असते आणि 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये काही दिवसांच्या प्रती मिळतात. त्या कुठे आहेत हे मी भाचीला दाखवून ठेवलं. मग तिला डिस्कचा स्मार्ट अहवाल काढायला सांगितला. लाईट न जाताही ॲप्ट पुन्हा असंच पडलं, तर संशय डिस्कवर किंवा रॅमवर घ्यायचा, आणि मग मात्र आधी तिच्या फायली पेन ड्राईव्हवर काढायच्या.